सॅटिव्हा की इंडिका : घरी लावण्यासाठी गांजाचा वाण कसा निवडावा

गांजाच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘सॅटिव्हा’ किंवा ‘इंडिका’ यांपैकी एक शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि नवखा लागवडदार बहुधा तेवढ्यावरच खरेदी उरकतो. सॅटिव्हाने तरतरी येते आणि इंडिकाने सुस्ती, असे त्याने ऐकलेले असते. प्रत्यक्षात हे शब्द झाडाचा बांधा, फुलायला लागणारा काळ आणि त्याचे पूर्वज कोणत्या हवामानात वाढले याविषयी बरेच काही सांगतात, परिणामाविषयी मात्र फारच थोडे. म्हणून लागवडदाराने आधी आपली जागा, उजेड आणि हवेतील दमटपणा पाहावा आणि त्यानंतर वाण ठरवावा. या लेखाची मांडणी त्याच क्रमाने केली आहे.

त्याही आधी कायदा पाहावा. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी घरी तीन झाडे लावता येतात. कॅनडात ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रीय कायद्याने एका घरामागे चार झाडांची मुभा दिली, तरी क्विबेकसारख्या प्रांताने घरगुती लागवडीवर बंदीच ठेवली. भारतात १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजाचे एकही झाड लावणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पुढील विवेचन जिथे घरगुती लागवड कायदेशीर आहे, तिथल्या लागवडदारासाठीच आहे. अशा ठिकाणीही झाडांची संख्या, ती रस्त्यावरून दिसू न देण्याची अट आणि घरमालकाची संमती हे मुद्दे बियाणे घेण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

नावे कुठून आली

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये युरोपात धाग्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या झाडाला कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिले. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जात मांडली. हे झाड जास्त फांद्यांचे, अरुंद पर्णिकांचे आणि नशा आणणारे होते. गंमत अशी की लामार्कच्या टेबलावरचे ते झाड आजच्या बाजारात सॅटिव्हा म्हणून विकले गेले असते. बुटक्या, रुंद पानांच्या झाडाला इंडिका म्हणण्याची पद्धत १९७० च्या दशकात रुळली. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स शुल्टीस यांनी अफगाणिस्तानात पाहिलेल्या झाडांना ते नाव लावले आणि बियाणे विकणाऱ्यांनी ते उचलले. पुढे १९७६ मध्ये स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी सगळी झाडे एकाच जातीची मानून तिच्या दोन उपजाती केल्या, आणि त्या करताना पानांच्या रुंदीपेक्षा टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणाला महत्त्व दिले. वनस्पतिशास्त्रातला हा वाद अजून मिटलेला नाही. लागवडदाराला तो मिटण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही.

या लेखात बाजारातला अर्थच घेतला आहे. सॅटिव्हा म्हणजे उंच, अरुंद पानांचे, उष्ण कटिबंधातील वंशाचे झाड, आणि इंडिका म्हणजे ठेंगणे, रुंद पानांचे, हिंदुकुशाच्या परिसरातील वंशाचे झाड. मात्र कॅलिफोर्नियातील हौशी पैदासकारांनी १९७० च्या दशकात या दोन्ही वंशांचे जोरात संकर केले आणि आज मिळणारे जवळजवळ सगळे वाण त्या सरमिसळीतून आले आहेत. म्हणून पाकिटावरचा शब्द झाडाचा कल सांगतो एवढेच समजावे.

पहिली पायरी : दिवसाची लांबी आणि ऋतूचा शेवट

गांजाचे झाड शेवंतीप्रमाणे रात्र लांबू लागली की फुलते. लांब दिवसांत ते पाने आणि फांद्या वाढवत राहते. अखंड अंधार एका मर्यादेपलीकडे गेला की ते फुलोऱ्याकडे वळते, आणि ही मर्यादा प्रत्येक वंशाची वेगळी असते. सॅटिव्हा आणि इंडिका यांतील सगळ्यात महत्त्वाचा फरक इथे आहे.

हिंदुकुशाचा परिसर साधारण ३४ ते ३७ अंश उत्तर अक्षांशांवर आहे. तिथला उन्हाळा कोरडा आणि छोटा असतो आणि थंडी लवकर पडते. अशा ठिकाणी दिवस थोडा आखडताच फुलून बी धरणारे झाडच टिकते. त्यामुळे इंडिका वळणाचे झाड फुलोऱ्याला सुरुवात केल्यापासून साधारण सात ते नऊ आठवड्यांत तयार होते. थायलंड, कोलंबिया, मलावी अशा प्रदेशांतल्या झाडांवर हे बंधन नव्हते. तिथे वर्षभर दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असतात आणि पाला जाळणारी थंडी नसते. म्हणून ही झाडे दहा ते चौदा आठवडे, क्वचित त्याहूनही जास्त काळ, आरामात फुलत राहतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की उघड्यावर लावायचे असेल तर आपल्या भागात हिमतुषार पहिल्यांदा साधारण कधी पडतात ते शोधावे, दिवस चौदा तासांच्या खाली केव्हा येतो ते पाहावे, आणि या दोन तारखांमध्ये किती आठवडे मिळतात ते मोजावे. उत्तरेकडील ५० अंशांच्या आसपास हे आठवडे जेमतेम इंडिकाला पुरतात. तिथे शुद्ध सॅटिव्हा वळणाचा वाण लावला तर ऑक्टोबरमध्ये हातभर उंच फुलोरे दिसतात खरे, पण ते अर्धवट असतात आणि पाऊस व गारठा त्यांना सोडत नाही.

विषुववृत्ताजवळ अडचण उलटी असते. तिथे दिवस कायमच तेरा तासांच्या आत असल्याने इंडिका वळणाचे रोप वीतभर उंच होताच फुलोऱ्यावर येते आणि उत्पन्न चिमूटभर मिळते. तिथे एक तर सॅटिव्हा वळणाचा वाण घ्यावा, किंवा रोप पुरेसे मोठे होईपर्यंत संध्याकाळी काही तास दिव्याचा उजेड देऊन दिवस लांबवावा.

घरात दिव्याखाली लागवड करणाऱ्याच्या हाती ऋतू असतो. वाढीच्या काळात अठरा तास उजेड आणि सहा तास अंधार, आणि फुलोऱ्यासाठी बारा-बारा तास, हे वेळापत्रक बहुतेक वाणांना चालते. शुद्ध उष्णकटिबंधीय वाण बारा तासांतही रेंगाळतात, तेव्हा काही लागवडदार उजेड अकरा तासांवर आणतात. अंधाराच्या वेळी खोलीत एखाद्या उपकरणाचा दिवा किंवा दाराच्या फटीतला उजेड येऊ देऊ नये. त्याने फुलोरा थबकतो आणि काही वेळा मादी झाडावर नर फुले येतात.

रुडेरालिस हा तिसरा शब्दही पाकिटांवर दिसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये रशियातून वर्णन केलेल्या या रानटी झाडाला फुलण्यासाठी रात्र लांबण्याची गरज नसते, ते वयानेच फुलते. ‘ऑटो’ म्हणून विकले जाणारे वाण याच्या संकरातून आले आणि बी पेरल्यापासून साधारण दहा-बारा आठवड्यांत संपतात. उन्हाळा फारच छोटा असेल तर इंडिका की सॅटिव्हा या प्रश्नापेक्षा ऑटो घेणे सोपे, असे माझे मत आहे. मात्र त्यांना छाटणीतून सावरायला वेळ मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

दुसरी पायरी : उंचीचा हिशेब

वाण निवडताना सर्वांत जास्त चूक उंचीच्या अंदाजात होते. फुलोऱ्याला सुरुवात झाल्यावरही झाड दोन-तीन आठवडे उंच होतच राहते. इंडिका या काळात दीडपट ते दुप्पट होते, सॅटिव्हा दुप्पट ते तिप्पट. म्हणजे ५० सेंटिमीटरचे सॅटिव्हा फुलोऱ्यावर टाकले तर ते दीड मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि दोन मीटरच्या ग्रो टेंटमध्ये (घरात झाडे वाढवण्याच्या बंदिस्त तंबूत) कुंडीची उंची, दिवा आणि दिव्यापासून ठेवायचे अंतर वजा केले तर तेवढी जागा राहत नाही.

म्हणून हिशेब वरून खाली करावा. टेंटच्या उंचीतून कुंडीचे ३० सेंटिमीटर, दिवा टांगण्याचे २० आणि दिवा व शेंडा यांच्यातील अंतराचे ४० सेंटिमीटर वजा करावेत. दोन मीटरच्या टेंटमध्ये उरतात ११० सेंटिमीटर. इंडिका असेल तर या आकड्याच्या निम्म्यावर, म्हणजे ५० ते ५५ सेंटिमीटरला उजेड बारा तासांवर आणावा. सॅटिव्हा असेल तर एक तृतीयांशाच्या आसपास, ३५ सेंटिमीटरलाच. यामुळे सॅटिव्हाचा वाढीचा काळ छोटा होतो आणि तिचा लांबलेला फुलोरा काही अंशी भरून निघतो.

तिसरी पायरी : हवेतील दमटपणा

या मुद्द्याकडे नवखे लागवडदार सर्वांत कमी लक्ष देतात आणि पिकाचे सगळ्यात मोठे नुकसानही इथेच होते. हिंदुकुशाच्या कोरड्या हवेत झाडाला बुरशीपासून बचाव करण्याची गरज पडली नाही. उलट चाळून चरस काढण्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दाट, राळेने भरलेल्या फुलोऱ्यांचीच निवड केली. असा दगडासारखा घट्ट फुलोरा दमट हवेत ठेवला तर आतला ओलावा बाहेर पडत नाही. उष्ण व पावसाळी प्रदेशातल्या सॅटिव्हाचे फुलोरे लांब आणि विरळ असतात, त्यांतून वारा खेळतो.

करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, बाहेरून उशिरा कळते. घट्ट फुलोऱ्यातून डोकावणारे एखादेच छोटे पान अचानक पिवळे पडते. आजूबाजूचा भाग हिरवागार असतो. ते पान चिमटीत धरून हलकेच ओढले तर विरोध न होता देठासकट हातात येते. मग फुलोरा बोटांनी उकलून पाहावा. आत मधला दांडा तपकिरी, मऊ झालेला असतो आणि त्याभोवती राखेच्या रंगाची लव दिसते. धक्का लागला की तिची धूळ उडते. ही धूळ म्हणजेच बीजाणू, म्हणून उकलण्यापूर्वी पंखा बंद करावा, लागण झालेला भाग खाली दोन-तीन बोटे निरोगी दिसणाऱ्या दांड्यासह कापून पिशवीत टाकावा आणि कात्री स्पिरिटने पुसावी. बुरशी लागलेला फुलोरा वाळवून वापरण्याचा मोह कितीही झाला तरी तो टाकूनच द्यावा, कारण धुरावाटे बीजाणू फुप्फुसांत जाणे धोक्याचे आहे.

फुलोऱ्याच्या उत्तरार्धात आर्द्रता ४० ते ५० टक्के राखता येत असेल तर कोणताही वाण चालेल. शरद ऋतूत पाऊस आणि धुके असलेल्या ठिकाणी उघड्यावर शुद्ध इंडिका लावणे मला जुगार वाटतो. तिथे लवकर तयार होणारा, पण फुलोऱ्याने विरळ असा संकर बघावा.

चौथी पायरी : पाकिटावरील मजकूर

वरील तीन गोष्टी कागदावर लिहून झाल्यावरच वाणांची यादी उघडावी. ‘७० टक्के सॅटिव्हा’ असा आकडा हा पैदासकाराचा वंशावळीवरून केलेला अंदाज असतो, मोजमाप नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात ८१ गांजाचे आणि ४३ हेम्पचे (धागा व बियांसाठी पिकवल्या जाणाऱ्या, नशा न आणणाऱ्या झाडांचे) नमुने तपासले गेले आणि विक्रेत्याने सांगितलेली वंशावळ व जनुकांतून दिसणारी वंशावळ यांचा मेळ फारसा पक्का नसल्याचे आढळले. त्यामुळे हा आकडा वाचून सोडून द्यावा आणि पुढील माहिती शोधावी : फुलोऱ्याचे आठवडे, घरातील आणि बाहेरील अपेक्षित उंची, बाहेर काढणीचा महिना, बुरशीला होणारा प्रतिकार, आणि टीएचसी व सीबीडी (नशा न आणणारे द्रव्य) यांचे प्रमाण. फुलोऱ्याच्या आठवड्यांचा छापील आकडा विक्रेते बहुधा कमी सांगतात, म्हणून त्यात एक-दोन आठवडे मिळवून हिशेब करावा. बी ‘फेमिनाइज्ड’ (जवळजवळ फक्त मादी झाडे देणारे) आहे की साधे, हेही पाहावे. साध्या बियांतून निम्मी झाडे नर, म्हणजे फुलोऱ्यासाठी निरुपयोगी, निघतात, आणि झाडांच्या संख्येवर कायद्याची मर्यादा असेल तर हा फरक मोठा ठरतो.

पाचवी पायरी : रोपावरून कल ओळखणे

रोप पाच-सहा पेरांचे झाले की त्याचा कल दिसू लागतो. दोन झाडांची समान वयाची पाने शेजारी ठेवून पाहावीत. सॅटिव्हाच्या पानात बोटांसारख्या पर्णिका नऊ ते अकरापर्यंत असू शकतात. त्या सडपातळ असतात, एकमेकींना शिवत नाहीत आणि रंग बहुधा फिकट हिरवा असतो. इंडिकाच्या पानात सात ते नऊ पर्णिका असतात, त्या मध्यभागी रुंद होऊन एकमेकींवर चढतात आणि रंग गडद असतो. पहिल्या दोन-तीन जोड्यांवरून निष्कर्ष काढू नये, कारण कोवळ्या पानांत पर्णिका कमीच असतात.

पानापेक्षा पेरांमधले अंतर जास्त विश्वासार्ह खूण आहे, पण एका अटीवर. दिवा फार दूर असेल किंवा उजेड कमी पडत असेल तर इंडिकाही सॅटिव्हासारखी लांबते. म्हणून एकाच दिव्याखाली, सारख्या अंतरावर ठेवलेल्या रोपांचीच तुलना करावी.

नर-मादी ओळखण्याची वेळही याच सुमारास, साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात येते. पेरापाशी पांढरे केसासारखे दोन तंतू दिसले तर झाड मादी. देठावर गोल, बंद कळ्या दिसल्या तर नर. बी नको असेल तर नर झाड कळ्या उमलण्यापूर्वी काढावे.

सहावी पायरी : वाढीच्या काळातील वेगळी वागणूक

दोन्हींची मशागत बरीचशी सारखीच असते. निचरा होणारी माती, सहा ते ६.८ सामू (पीएच), २० ते २८ अंश सेल्सिअस तापमान आणि माती वरून दोन बोटे कोरडी झाल्यावर भरपूर पाणी, एवढे दोघींनाही पुरते. फरक पडतो तो छाटणीत आणि खतात.

सॅटिव्हा मधला शेंडा धरून वर धावते. चौथ्या-पाचव्या पेरावर शेंडा खुडला की बाजूचे फुटवे जोर धरतात. ते बाहेरच्या दिशेने वाकवून कुंडीच्या काठाला सुतळीने बांधावेत. फुलोऱ्यापूर्वी वर आडवी जाळी ताणली तर फांद्या तिच्यात पसरवता येतात आणि दिव्याचा उजेड सगळ्या शेंड्यांना सारखा मिळतो. तिच्या फांद्या लवचिक असल्याने वाकवणे सोपे जाते. इंडिकाच्या फांद्या जाड आणि ठिसूळ असतात. त्या एकदम वाकवल्या तर काखेतून चिरतात, म्हणून रोज थोडे थोडे वाकवावे. तिला शेंडा खुडण्यापेक्षा पाने विरळ करण्याची गरज जास्त असते. रुंद पाने एकमेकांवर पडून आत दमट काळोख तयार होतो आणि भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) तिथेच सुरू होते. खालची उजेड न मिळणारी पाने व बारीक फुटवे फुलोऱ्याच्या सुरुवातीला काढून टाकावेत, पण एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पाला उतरवू नये.

खताच्या बाबतीत सॅटिव्हा वळणाची झाडे बहुधा नाजूक असतात. नत्र जास्त झाले की पानांची टोके जळतात, पाने पंजासारखी खाली वळतात आणि फुलोरा लांबतो. नव्या वाणाला बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करून पानांचा रंग पाहत वाढवावे. इंडिका थोडे जास्त खत सहन करते. याउलट सॅटिव्हाचा फुलोरा लांब चालत असल्याने नत्र फार लवकर बंद केले तर शेवटच्या महिन्यात झाड उपाशी राहते आणि पाने वेळेआधी पिवळी पडतात.

सातवी पायरी : काढणी आणि वाळवण

काढणीची वेळ कॅलेंडरवरून ठरवू नये. ३० ते ६० पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून फुलावरच्या राळेच्या बारीक गाठी पाहाव्यात. त्या काचेसारख्या स्वच्छ असतील तर थांबावे. बहुतेक दुधाळ झाल्या आणि काही पिंगट होऊ लागल्या की फुलोरा तयार झाला. इंडिकात वरपासून खालपर्यंत हा बदल जवळजवळ एकदम होतो. सॅटिव्हात वरचे फुलोरे आधी पिकतात आणि त्याच वेळी जुन्या फुलोऱ्यातून नवे पांढरे तंतू फुटत राहतात, त्यामुळे ती कधी तयार होतच नाही असे वाटते. अशा वेळी नव्या तंतूंकडे दुर्लक्ष करून जुन्या भागातील गाठी पाहाव्यात, आणि वरचा भाग आधी कापून खालच्याला आणखी आठ-दहा दिवस द्यावेत.

वाळवताना अंधाऱ्या खोलीत १८ ते २० अंश तापमान आणि ५५ ते ६० टक्के आर्द्रता ठेवावी. विरळ फुलोरे आठवड्याभरात वाळतात. घट्ट फुलोऱ्यांना दोन आठवडेही लागतात, आणि ते बाहेरून कुरकुरीत झाले तरी आतून ओले राहतात. म्हणून जाड फुलोऱ्यांचे आधीच तुकडे करावेत आणि बारीक देठ वाकवल्यावर कट्‌ असा मोडेपर्यंत बरणीत भरू नयेत.

परिणामाविषयी थोडेसे

टीएचसी हे मुख्य नशाकारक द्रव्य इस्रायली रसायनशास्त्रज्ञ गाओनी आणि मेशूलम यांनी १९६४ मध्ये वेगळे केले, आणि आज दोन्ही नावांखाली विकल्या जाणाऱ्या बहुतेक वाणांत तेच प्रमुख असते. झाड टीएचसी जास्त बनवेल की सीबीडी, हे काही मोजक्या जनुकांवर ठरते. त्यांचा पानाच्या रुंदीशी संबंध नाही. २०२१ मध्ये नेदरलँड्समधील नमुन्यांवर झालेल्या अभ्यासात दोन नावांमधला सातत्याने दिसणारा फरक प्रामुख्याने वासाच्या द्रव्यांत, म्हणजे काही टर्पीनांत, आढळला : इंडिका म्हणवल्या जाणाऱ्या नमुन्यांत मातकट वासाचे मिरसीन जास्त होते. त्यामुळे रुंद पानांचे झाड लावले म्हणून झोप येईल, अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. ज्याला सौम्य परिणाम हवा आहे त्याने सीबीडीचे प्रमाण टीएचसीइतके किंवा त्याहून जास्त असलेला वाण शोधावा, मग त्यावर कोणताही शब्द छापलेला असो. ज्यांच्या कुटुंबात मनोविकाराचा इतिहास आहे, ज्या गरोदर आहेत किंवा जे पंचविशीच्या आत आहेत, त्यांनी जास्त टीएचसीच्या वाणांपासून दूरच राहावे.

तयार माल घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, थंड आणि अंधाऱ्या जागी, मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशा कुलपात ठेवावा. बरणीवर वाणाचे नाव, काढणीची तारीख, फुलोऱ्याला प्रत्यक्ष लागलेले आठवडे आणि झाडाची अखेरची उंची लिहावी. पुढच्या हंगामात वाण निवडताना पाकिटावरील ‘सॅटिव्हा’ किंवा ‘इंडिका’पेक्षा हे चार तपशील अधिक कामास येतात.